भरलेला जग, कोरडी जीभ : नागपुरातल्या एका शुश्रूषा केंद्रातलं उन्हाळ्याचं प्रकरण

"२७ मे. खोली सात. पाणी : दोन जग. लघवी : एकदा. झोप : नाही. बडबड : आहे."

आमच्या रजिस्टरमधली ही एका दिवसाची नोंद. दोन जग म्हणजे दोन लिटर. दोन लिटर पाणी पिणारी बाई चोवीस तासांत एकदाच लघवीला जाते, हे कागदावरच जुळत नाही. तरी त्या ओळीखाली तीन सह्या आहेत : दिवसाच्या सिस्टरची, रात्रीच्या सिस्टरची आणि इन्चार्ज म्हणून माझी. सही करताना मी ओळ वाचली होती. "उन्हाळा आहे, घामात जात असेल," असं मनाशी म्हटल्याचंही आठवतं. पस्तीस वर्षं नर्सिंग केल्यावर!

ओळख पटू नये म्हणून खोलीचा नंबर, गावं आणि नातेवाइकांचे तपशील बदलले आहेत. औषधं, आकडे आणि आमच्या चुका होत्या तशाच ठेवल्या आहेत.

जागा आणि माणसं

नागपुरात 'नर्सिंग होम' म्हटलं की डोळ्यांपुढे धंतोली-रामदासपेठेतली छोटी खासगी इस्पितळं येतात. आमचं तसं नाही. ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही आणि दवाखान्यात ठेवण्यासारखा आजार नाही, अशा म्हाताऱ्या माणसांची ही कायमची राहायची जागा. शहराच्या दक्षिणेला, नव्या वस्तीत, दुमजली बंगला. चोवीस रहिवासी, त्यातले नऊ अंथरुणाला खिळलेले. दिवसा दोन सिस्टर, चार मावशी, एक मामा, स्वयंपाकीण आणि तिच्या हाताखालची मुलगी. रात्री आठ ते सकाळी आठ मात्र एक सिस्टर आणि एक मावशी, दोन्ही मजले मिळून.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. रात्रीची मावशी पाळी संपायच्या आत नऊ जणांचे डायपर बदलून, अंग पुसून मोकळी होते, कारण दिवसाच्या मावशीला आल्याबरोबर घाण दिसली तर तिथेच भांडण. साडेसहाला चहा, साडेआठला नाश्ता. रविवारी पोह्यांवर तर्री मागणारे तिघं आहेत, पैकी दोघांना अ‍ॅसिडिटी. बाराला जेवण, चारला चहा, आणि संध्याकाळचं जेवण सातला. सात ही म्हाताऱ्यांची भुकेची वेळ नव्हे, आठला पाळी बदलते म्हणून सात. आमच्याकडच्या बऱ्याच वेळा अशाच ठरलेल्या आहेत. हे प्रकरण त्यातूनच घडलं.

उन्हाळा नागपूरचा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. तेवढं दरवर्षी होत नाही, पण ४५ चं कुणाला नवल नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. खोल्यांत मोठे लोखंडी कूलर आहेत, वाळ्याच्या ताट्यांचे. वास छान, गारवा छान, आणि घुरघुर अशी की शेजारच्या पलंगावरचं बोलणं ऐकू येऊ नये. ही घुरघुर लक्षात ठेवा.

सात नंबरच्या आजी

वय ७८, काटोलकडच्या. घरचा संत्र्याचा बगीचा, नवरा गेल्यावरही दहा-बारा वर्षं त्यांनीच पाहिला. जानेवारीत अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं, नागपुरात ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत आमच्याकडे आल्या. मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला. वॉकर धरून चार पावलं चालायच्या, बाथरूमपर्यंत मात्र सोबत लागायची. डोकं लख्ख. आंबिया बहराला काय भाव मिळाला, मृगाला काय मिळाला, कोणत्या व्यापाऱ्याने किती बुडवले, सगळं तोंडपाठ. आमचा मामा नरखेड भागातला, त्याच्याशी रोज संध्याकाळी संत्र्यावर वाद.

औषधं थोडी. कॅल्शियम, थायरॉइडची गोळी, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची जोडगोळी. यातलं दुसरं औषध लघवी वाढवणारं. चिठ्ठीवर लिहिलेलं 'रोज एक', वेळ नव्हती. सकाळच्या ट्रेमध्ये गोळ्यांची जत्रा असते, म्हणून कुणीतरी कधीतरी ही गोळी रात्रीच्या ट्रेमध्ये सरकवली. मी चौकशी केली, पण कुणी सरकवली ते आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक कुणालाच ते ठरवल्यासारखं वाटलं नसावं. फेब्रुवारीपासून आजी रात्री साडेआठला लघवीची गोळी घेत होत्या आणि रात्री तीन-चारदा उठत होत्या.

आठ दिवस

२२ मेच्या रात्री काय झालं ते आम्हाला पुष्कळ नंतर कळलं, म्हणून ते नंतरच सांगते. रजिस्टरमध्ये त्या रात्रीपुढे फक्त 'चादर बदलली' एवढंच आहे.

२३ ला आजी नाश्त्याला आल्या नाहीत, "गरम होऊन राहिलं" म्हणाल्या. २४ ला दुपारभर झोपून. सगळेच झोपून होते, त्यामुळे वेगळं वाटलं नाही. २५ ला मामाने संत्र्याचा विषय काढला तर त्यांनी नुसती मान हलवली. मामा येऊन मला म्हणाला, "मॅडम, आजी भांडल्या नाहीत आज." ही त्या आठवड्यातली सर्वांत मोलाची खबर होती आणि मी ती हसण्यावारी नेली.

२६ च्या संध्याकाळी बडबड सुरू झाली. चादरीचे टोक चिमटीत धरून ओढायच्या, भिंतीकडे बोट दाखवायच्या. मावशीने पेला पुढे केला की हाताने ढकलून म्हणायच्या, "पाणी सोडू नोका. ताण हाये अजून." मावशी शहरातली, तिला वाटलं आजींना मानसिक ताण आलाय. मलाही तेच वाटलं. शब्दाचा अर्थ मामाने सांगितला : मृग बहर घ्यायचा तर एप्रिल-मे मध्ये संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, मग पहिल्या पावसाला ताण तुटतो आणि झाड फुलावर येतं. आजी बगीच्यात होत्या. मे महिना होता, त्यांचा हिशेब बरोबरच होता.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, डिमेन्शिया सुरू झाला का?" मी म्हटलं, वयाचं सांगता येत नाही. हे उत्तर देताना मला कुठलीही तपासणी करावीशी वाटली नाही, आणि या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक हीच. मुलाला एक नाव मिळालं, मला मिळालं, आणि नाव मिळालं की शोध थांबतो.

२७ च्या रात्री त्या दोनदा पलंगावरून उतरायला गेल्या. सिस्टर वरच्या मजल्यावर, एका आजोबांची ऑक्सिजनची नळी निघाली होती तिथे अडकलेली. खाली मावशी एकटी. तिने स्वतःच्या ओढणीने आजींचा डावा हात पलंगाच्या दांडीला बांधला आणि पुढच्या खोलीत गेली. वीस मिनिटांनी सोडला. सकाळी तिनेच मला सांगितलं, रडत.

माणसाला बांधायचं नाही. हा आमच्याकडचा लेखी नियम आहे. तो मोडला गेल्याची मी नोंद केली आणि मुलाला त्याच दिवशी कळवलं. त्याने ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला, फोन लावला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण मावशीला काढून टाका असं मालकांनी म्हटलं तेव्हा मी अडून बसले. त्या वीस मिनिटांत तिने दुसरं काय करायला हवं होतं, हे मला कुणी सांगू शकलं नाही. खुबा बसवलेली बाई पडली असती तर पुन्हा ऑपरेशन. दोन मजल्यांना एक मावशी देणारा कागद तिने लिहिला नव्हता. त्यावर सही मालकांची होती आणि खाली माझी.

२८ ला सकाळी डॉक्टर आले. त्यांनी आजींना वार उलटे म्हणायला सांगितले. "रविवार, शनिवार," मग बराच वेळ गप्प, मग "गुरुवार बाजार," आणि नजर कूलरकडे. डॉक्टरांनी विचारलं, आठवड्यापूर्वी कशा होत्या? मामा म्हणाला, "व्यापाऱ्याचा हिशेब करत होत्या साहेब." डॉक्टर म्हणाले, "मग हा डिमेन्शिया नाही. तो महिन्या-वर्षांनी येतो, चार दिवसांत नाही. हा डेलिरियम आहे, आजारामुळे अचानक उडालेला डोक्याचा गोंधळ. कारण शोधा."

कारण अंगावरच लिहिलेलं होतं. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, ताप १००.६, जीभ वाळल्या सालीसारखी, काख कोरडी. (म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाण्याची कमतरता ठरवू नये, ती एरवीही सैलच असते. जीभ आणि काख बघावी. मी हे विद्यार्थिनींना शिकवलेलं आहे.) दवाखान्यात सोडियम १५१ निघालं, असायला हवं १३५ ते १४५. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन फेब्रुवारीत ०.९ होतं, ते १.८. लघवीत जंतुसंसर्ग. या वयाच्या पुष्कळ बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात, तेवढ्यावर अँटिबायोटिक देऊ नये. पण इथे ताप होता, जळजळ होती. सलाइन सावकाश चढवलं, चढलेलं सोडियम घाईने उतरवणंही मेंदूला धोक्याचं. रक्तदाबाची गोळी थांबवली. १ जूनला आजी परत आल्या. थोड्या गोंधळलेल्या, पण मामाला ओळखून.

पाणी गेलं कुठे

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "पाणी देत नव्हता का?" मी रजिस्टर दाखवलं. दोन जग, दोन जग, दोन जग. ते काही बोलले नाहीत.

३ जूनला मी मापाचा पेला घेऊन सात नंबरमध्ये बसले. सकाळी दहाला जग भरला, एक लिटर. दुपारी चारला त्यात साडेआठशे मिली शिल्लक, कोमट. मावशी आली, जग उचलला, पाणी कूलरच्या टाकीत ओतलं, माठातून ताजं भरून आणलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : '१ जग'.

"मावशी, हे काय?"

"फेकू काय मॅडम? मे-जूनमध्ये पाणी फेकतेत काय कोणी?"

खोटेपणा कुठेच नव्हता. रकान्याचं नाव 'पाणी दिले' होतं आणि तिने दिलं होतं. शिळं पाणी कूलरला घालणं हे नागपुरात कुठल्याही शहाण्या बाईने केलं असतं. कूलर दिवसाकाठी दीड लिटर पीत होता आणि ते आजींच्या नावावर चढत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या खोल्यांत मोजलं. चोवीसपैकी अकरा जण दिवसभरात तीन पेल्यांच्याही खाली होते. एकटी आजीच आजारी पडली, ही बाकीच्यांची नशिबाची बाब.

पण आजी पीत का नव्हत्या, हे मोजून कळणार नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "प्यासच लागत नाही." ते अर्धं खरं. वय झालं की तहानेची जाणीव बोथट होते. मग मी रात्रीच्या मावशीला विचारलं. तिला आजींनी पहाटे अंग पुसताना सांगितलं होतं : "तुले किती खेपा उठवू व माय? तुह्ये पाय पाय रायले नाहीत, सुजून रायले. लेकरू घरी टाकून येतं तू." मावशी संध्याकाळी घरचा स्वयंपाक करून, दोन ऑटो बदलून येते, बारा तास उभी असते. आजींना ते दिसत होतं. संध्याकाळी पाचनंतर त्यांनी पाणी बंद केलं होतं, एप्रिलपासूनच.

ही गोष्ट मला आवडली. आपल्याकडच्या माणसांबद्दल चांगलं वाटावं अशी होती. आठवड्याने अमरावतीच्या मुलीचा फोन आला आणि दुसरी बाजू कळली.

२२ मेच्या रात्री आजींनी मावशीला हाका मारल्या होत्या. बेल पलंगाच्या उशामागे भिंतीवर, खुबा न वळवता हात पोहोचत नाही. हाक कूलरच्या घुरघुरीत बुडाली. मावशी दोन खोल्यांपलीकडे होती. आजींनी किती वेळ वाट पाहिली ते त्यांनाही सांगता येत नाही. अंथरूण ओलं झालं. सकाळी दिवसाच्या मावशीने चादर काढताना, शेजारच्या आजींसमोर, म्हटलं, "एवढ्या मोठ्या होऊन आजी, सांगायचं नाही का?" बस, एवढंच. २३ पासून त्यांनी दिवसाचं पाणीही तोडलं. जेवणासोबतचे दोन घोट, चहा, आणि काही नाही. वर रात्रीची गोळी चालूच.

दोन्ही कारणं खरी आहेत असं मी धरते. पण मावशीच्या पायांनी आजींना संध्याकाळचं पाणी सोडायला लावलं, आणि त्या एका वाक्याने दिवसाचं. दिवसाच्या मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला वाक्य आठवलंही नाही. दिवसाला अशी वीस वाक्यं आम्ही बोलतो.

काय बदललं, काय बिघडलं

गोळीचं काम सोपं निघालं. डॉक्टरांनी जोडगोळी बंद करून नुसती टेल्मिसार्टन ठेवली, सकाळी. मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. लघवी वाढवणारं औषध रात्री घेणारे आणखी दोघं सापडले.

रजिस्टरमधला रकाना 'पाणी दिले' खोडून 'पाणी प्यायले' केला आणि माप जगावरून पेल्यावर आणलं, दीडशे मिलीचा स्टीलचा पेला. हातात द्यायचा, समोर संपेपर्यंत थांबायचं, मग रेघ मारायची. मावशींनी पहिल्या दिवशी बंड केलं, चोवीस जणांसमोर उभं राहायला वेळ कुठून आणायचा? मग ठरलं की पाणी म्हणून द्यायचंच नाही. अकराला ताक, दुपारी कैरीचं पन्हं, मधुमेह्यांना बिनगुळाचं, चारच्या चहाआधी टरबुजाची फोड. मठ्ठ्याला कुणी नाही म्हणत नाही. आजींसाठी मामा रोज पेला घेऊन जायचा आणि संत्र्यावरून भांडता भांडता पाजायचा. मामाचं भांडण आता औषधाच्या तक्त्यात आहे, हे मी गमतीने लिहीत नाही.

यात एक गोष्ट बिघडली आणि ती माझ्यामुळे. 'सगळ्यांना पाजा' असं मी सांगितलं आणि मावशींनी सगळ्यांना पाजलं. बारा नंबरच्या आजोबांचं हृदय कमजोर, त्यांना दिवसाला दीड लिटरची मर्यादा. तीन दिवसांत त्यांचं वजन दोन किलोंनी वाढलं, घोटे सुजले, रात्री उशा रचून बसायला लागले. वेळेत लक्षात आलं म्हणून दवाखान्याशिवाय निभावलं. त्या दिवसापासून तिघांच्या पेल्याला लाल धागा बांधलेला असतो. लाल धागा म्हणजे आधी सिस्टरला विचारा.

रात्रीचा प्रश्न पैशाचा होता. बेल उशामागून काढून पलंगाच्या कठड्याला बांधली, खर्च शंभराच्या आत. आजींच्या पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली. रात्री अकरा, दोन आणि पाचला, कुणी हाक मारो न मारो, मावशीने फेरी मारून स्वतः विचारायचं ठरलं : "आजी, जायचं का?" हाक मारण्याची लाज वाचते. पण एका मावशीला दोन मजले या फेऱ्या झेपत नाहीत, दुसरी हवी. मालक म्हणाले, परवडत नाही. फी वाढवा म्हटलं तर सात नातेवाईक नाराज. एकाने विचारलं, "रात्री तर झोपतातच ना सगळे?" बरीच ओढाताण होऊन तोडगा निघाला : एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत दुसरी रात्रपाळी. बाकीचे महिने एकीवरच. मला हा तोडगा मान्य नाही. लघवी ऋतू बघून येत नाही. पण तीन महिने पदरात पडत होते, ते घेतले.

आजी ८ जूनच्या सुमारास पूर्ववत झाल्या. डेलिरियम उतरायला सलाइनपेक्षा जास्त दिवस लागतात, नातेवाइकांना हे आधीच सांगावं. मुलगा येऊन गेला. त्याने आईला हळूच वार उलटे विचारले. त्यांनी सातही म्हटले आणि वर, "बैताड समजतोस काय मले?"

ओढणीचं मावशीने त्यांना स्वतः सांगितलं, मी सांगू नको म्हटलं होतं तरी. आजींना त्यातलं काही आठवत नव्हतं. म्हणाल्या, मनगट दुखत होतं खरं.

जून सरताना पाऊस लागला, कूलर बंद झाले आणि दुसरी मावशी कमी झाली. दोन दिवसांनी संध्याकाळच्या रेघा पुन्हा विरळ दिसायला लागल्या. आजींनी मोजणी सुरू केली होती, आमच्या आधी. मी रात्रीच्या मावशीला दोनची फेरी सोडू नको म्हटलं, अकराची सुटली तरी चालेल. जुलैतली एक नोंद तिच्या अक्षरात अशी आहे :

"रा. २. खो. ७. आजीला उठवले. गेल्या. पाणी पेला अर्धा. माझ्यासमोर पेल्या. मग म्हणल्या तू बस पाच मिनिट. बसली."